एक अंजिरी लुगडं, नारळ आणि मधाची बाटली

जबाब

नाव : नंदाबाई हनुमंत आगिवले
वय : ५६ वर्षे
व्यवसाय : चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंग
राहणार : भांगरवाडी, लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे
माहेर : ठाकरवाडी, औंढ्याच्या वरच्या अंगाला

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन आज पोलीस ठाण्यात आले आहे. महिला हवालदार उज्ज्वला मॅडम विचारतील त्याप्रमाणे जबाब देते, तो असा की,

वरील पत्त्यावर मी माझे यजमान हनुमंत यांच्यासोबत राहते. यजमान देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झाले आहेत. आम्हाला एकच मुलगी, सारिका. ती नर्स आहे. गेल्या रविवारी दुपारी तिचे लग्न अतुल याच्याशी महामार्गालगतच्या एका कार्यालयात लागले. त्याच संध्याकाळी कार्यालयाच्या दाराजवळ एक बेवारस पिशवी सापडली आणि पोलिसांना बोलवावे लागले. ती पिशवी माझ्या भावाची आहे. मी एवढेच सांगायला आले होते. पण मॅडम म्हणाल्या, मावशी, असं एका ओळीत भागत नाही, पहिल्यापासून सांगा. म्हणून पहिल्यापासून सांगते.

लग्न ठरले तेव्हा सारिका आणि अतुल या दोघांनी मिळून आम्हाला सांगितले की, लग्नात मानपान करायचा नाही. कुणाकडून आहेर घ्यायचा नाही आणि कुणाला टॉवेल-टोपी, ब्लाऊजपीस, वाट्या असले काही द्यायचे नाही. त्याऐवजी येणाऱ्या प्रत्येक घराच्या नावाने डोंगरातल्या मुलींच्या वसतिगृहाला एकेक पांघरूण द्यायचे आणि त्या घराला तसे छापलेले कार्ड द्यायचे. सारिका म्हणाली, "आई, तुझ्याच वाडीकडच्या मुली आहेत तिथं. पावसाळ्यात गारठतात." मी लगेच हो म्हटले. लग्नातली टोपी कोणी घालत नाही आणि त्या टॉवेलने अंग पुसले जात नाही. ब्लाऊजपीसचे तर विचारूच नका. मी एका लग्नात दिलेला ब्लाऊजपीस दोन-तीन घरे फिरून हळदीकुंकवाला परत माझ्याच ओटीत पडलेला आहे. मी त्याला ओळखले, त्यानेही मला ओळखले असेल. त्यापेक्षा पोरींच्या अंगावर पांघरूण पडलेले चांगले. माझी या गोष्टीबद्दल कुणाविरुद्ध काही तक्रार नाही, आजही नाही, हे लिहून घ्यावे.

मी फक्त एक विचारले होते. माझ्या भावाचा आहेर घेऊ का, असे. सारिका म्हणाली, "आई, एकाचा घेतला तर अतुलच्या आत्यांना काय सांगायचं?" तिचे बरोबर होते. मी मनात म्हटले, दादा आला की त्याला नवरीच्या खोलीत नेईन, दार लावीन आणि तिथे घेईन. कोणाला कशाला कळायला पाहिजे. हे मी कुणालाच बोलले नव्हते, त्यामुळे दारावरच्या माणसांना ते माहीत असण्याचे कारण नाही.

भावाविषयी विचारले असता सांगते की, त्याचे नाव सावळा गोमा उघडे. माझ्याहून थोरला. ठाकरवाडीत राहतो. थोडी भातशेती आहे, बाकी मजुरी करतो आणि उन्हाळ्यात कड्यावरचा मध काढतो. आता वय झाले तरी काढतो, कुणाचे ऐकत नाही. मॅडम त्याला 'ते' असे लिहीत होत्या. मी सांगितले, माझ्या पाठीवर धपाटे घातलेला सख्खा भाऊ आहे, 'तो' लिहा.

तो आमच्या घरी का येत नाही असे विचारले. सारिका चौथीत होती तेव्हा आम्ही भांगरवाडीचे घर बांधले. वास्तुशांतीला दादा माझ्यासाठी लुगडं घेऊन आला. अंजिरी रंगाचं, पिवळ्या काठाचं नऊवारी. आमच्यात नव्या घरात बहिणीला पाटावर बसवतात, भाऊ कुंकू लावतो आणि लुगडं तिच्या मांडीवर ठेवतो. ते नेसूनच ती पूजेला बसते. मी आत दुधाच्या पातेल्यापाशी होते. बाहेर यजमानांचे डेपोतले साहेब लोक बसले होते. त्यांच्यासमोर यजमान दादाला म्हणाले, "असलं लुगडं आता ती न्हाई नेसत. परत न्या, बदलून आणा." दादा बरं म्हणाला. मी दूध उतरवून बाहेर आले तोवर तो वळणाच्या पलीकडे गेला होता. मी साखरेची वाटी हातात घेऊन दारात उभी राहिले होते, ते आजही आठवते. यजमान वाईट माणूस नाहीत. साहेबांसमोर त्यांना आपली बायको साहेबांच्या बायकांसारखी दिसायला हवी होती. हे वाक्य जबाबात घालायला त्यांची हरकत नाही. ते बाहेर बाकावर बसले आहेत, त्यांना विचारून यावे.

तेव्हापासून दादाने माझा उंबरा ओलांडलेला नाही. भांडण झालेले नाही. भाऊबीजेला मी वर जाते, तो ओवाळून घेतो. चहा होतो, पोरांची चौकशी होते. निघताना मी म्हणते, "दादा, घरी ये की रं." तो म्हणतो, "यीन की." दरवर्षी हेच. मात्र उन्हाळा आला की बाजाराला उतरणाऱ्या कुणातरी हाती तो मधाची बाटली पाठवतो. बाटली कारखान्याच्या फाटकावर माझ्या नावाने ठेवलेली असते. घरी नाही पाठवत. मध संपला की मी बाटली धुऊन, बुचाला माझ्या जुन्या पातळाची चिंधी बांधून परत पाठवते. पुढच्या उन्हाळ्यात तीच बाटली भरून येते. या वर्षी आली नाही. मी रोज सुट्टी झाली की फाटकावर विचारत होते. वॉचमन म्हणाला, "मावशी, आली तर मी तुमच्या घरी आणून देतो, रोज कशाला विचारता?" मला भावाची भारी आठवण येत होती, म्हणून विचारत होते.

लग्नाचे आमंत्रण द्यायला मी एकटीच वर गेले होते. कुंकू लावले, अक्षत दिली. म्हटले, "दादा, मामाबिगार पोर मांडवात कशी जाईल? तूच आनायची तिला." आमच्यात मुलीला मामाच हाताला धरून मांडवात आणतो आणि मंगलाष्टका होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. दादाने अक्षत मुठीत धरली. मग म्हणाला, "नंदे, पोरगी कवडी झाली आता?" मी हाताने उंची दाखवली. तो हसला. येतो म्हणाला नाही, येत नाही असेही म्हणाला नाही.

आहेर घेणार नाही हे त्याला सांगितले होते का, असे मॅडमनी विचारले. नाही सांगितले. पत्रिकेवर छापलेले होते, पण दादाला वाचता येत नाही. तोंडाने कसे सांगणार? एकदा ज्याचं लुगडं परत गेलं, त्याला 'या वेळी आणूच नको' म्हणायला माझी जीभ वळली नाही. आणि 'आण' म्हणावे तर हातावर पोट असलेल्या माणसाकडे मागितल्यासारखे झाले असते. म्हणून मी दोन्ही बोलले नाही आणि अक्षत देऊन खाली उतरले.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून नवरीच्या खोलीत होते. खोलीच्या खिडकीतून कार्यालयाचे फाटक दिसत नाही, जनरेटर दिसतो. मी दोन वेळा यजमानांना बाहेर पाठवले. तेही बघून आले, दादा दिसला नाही म्हणाले. मुहूर्ताची वेळ झाली, गुरुजी घाई करू लागले. शेवटी दत्ता, म्हणजे यजमानांचे डेपोतले मित्र, मामा म्हणून उभे राहिले. चांगले उभे राहिले. सारिका अंतरपाटाजवळ जाताना मागे वळून कुणाचा हात धरलाय ते बघत होती. मला रडू आले. लोकांना वाटले पोर जाणार म्हणून रडते, आणि त्यासाठीही रडतच होते, पण निम्मे रडणे भावाचे होते.

वरात गेल्यावर आम्ही घरी आलो. संध्याकाळी कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी यजमानांना फोन केला की चपलांच्या मांडणीजवळ खुर्चीवर एक पिशवी आहे, तुमची का? यजमान म्हणाले, आमचे सगळे सामान आले. ते खरेच होते. मग व्यवस्थापकांनी पोलिसांना कळवले. पुण्याहून बॉम्बशोधक पथक येईपर्यंत झाडलोट करणाऱ्या बायकांना बाहेर रस्त्यावर उभे केले होते, हे मला नंतर समजले. पथकाचे कुत्रे पिशवीपासून हलेना, त्यामुळे सगळ्यांचे धाबे दणाणले, असेही समजले. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिले होते की पिशवीत घातक काही आढळले नाही, अफवांवर विश्वास ठेवू नये. फोटोत एका टेबलावर सगळे ओळीने मांडलेले होते. शेंगदाण्याची चिक्की खोक्यात भरता भरता मी तो फोटो बघितला आणि बाटलीच्या बुचाची चिंधी ओळखली.

मॅडमनी मला आज कपाटातून तो मुद्देमाल काढून दाखवला. त्यात एक अंजिरी नऊवारी लुगडं, खणाचा एक तुकडा, एक नारळ, कागदात कुंकू आणि तांदूळ आणि एक बाटली आहे. पंचनाम्यात बाटलीपुढे 'गडद रंगाचा चिकट द्रव' असे लिहिले आहे. तो मध आहे. कड्यावरचा आहे, म्हणून गडद आहे. मॅडमना हवे तर बोट लावून बघावे. बुचाला बांधलेली चिंधी माझ्या हिरव्या पातळाची आहे आणि गाठ माझ्या हातची आहे.

लुगडं कशावरून ओळखले असे विचारले असता सांगते की, ते वास्तुशांतीचेच लुगडं आहे. मी तेव्हा आतून दारातून एकदाच बघितले होते, पण बघितले होते. घडी अजून मोडलेली नाही. घडीच्या वळणावर रंग विटला आहे आणि आत कडुनिंबाची वाळकी पाने आहेत. म्हणजे त्याने ते दुकानात बदलूनही आणले नाही, बायकोला दिले नाही, सुनेलाही नाही. दरवर्षी पाने बदलत ठेवले. मी ते उलगडून बघितले नाही. मॅडम म्हणाल्या, उलगडा की मावशी, तुमचंच आहे. मी म्हटले, अजून नाही.

त्यानंतर मला कार्यालयाच्या दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण कॉम्प्युटरवर दाखवले. त्यातला माणूस माझा भाऊ सावळा गोमा उघडे हाच आहे. अंगात पांढरा सदरा, डोक्याला नवी टोपी. तो मुहूर्ताच्या बराच आधी आलेला आहे. लग्नाच्या दिवशी मी समजत होते की तो आलाच नाही. तो फाटकाच्या आत येऊन उभा राहतो. लोक येत आहेत. येणाऱ्या प्रत्येकाचे हात मोकळे आहेत, पिशवी एकट्या त्याच्याच हातात आहे. तो ती एकदा या हातात घेतो, एकदा त्या हातात घेतो. मग दारावर उभा असलेला तुषार त्याला नमस्कार करतो, 'आहेर घेत नाही' लिहिलेल्या फलकाकडे हात दाखवतो, कार्ड आणि पेढा देतो. तुषार हा अतुलचा चुलतभाऊ, सुदुंबऱ्याकडे कंपनीत नोकरीला आहे, गुणी मुलगा आहे. मी येण्याआधी त्याला फोन करून विचारले. तो म्हणाला, "काकू, मी हात जोडूनच सांगितलं की आबा, आहेर नाही घेत आम्ही, फक्त आशीर्वाद द्या. ते म्हणाले, 'न्हाई घेत व्हय? बरं. मंग ही हितं ठिवतो.' मला वाटलं जाताना घेऊन जातील. नवरीचे मामा आहेत हे बोललेच नाहीत हो." तुषार फोनवर रडला. त्याची यात काडीची चूक नाही. त्याला जे सांगितले होते ते त्याने नीट केले.

चित्रणात पुढे दादा पेढा खिशात ठेवतो आणि कार्ड टोपीच्या घडीत घालतो. पिशवी चपलांच्या मांडणीजवळच्या खुर्चीवर ठेवतो. दोन पावले जातो, परत येतो, पिशवीचे तोंड नीट करतो आणि नारळ शेंडी वर येईल असा बसवतो. मग तो आत येईल असे मला वाटले. आत आला नाही हे माहीत असूनही वाटले. अक्षता वाटणारी मुलगी त्याच्यापर्यंत येते, तो दोन्ही हात पुढे करून अक्षता घेतो आणि तिथेच, मांडणीजवळ उभा राहतो. चित्रणाला आवाज नाही. पण त्याचा हात कधी वर जातो त्यावरून मला आत कितवी मंगलाष्टक चालली आहे ते कळत होते. सगळ्या मंगलाष्टका होईपर्यंत तो उभा होता. टोपी काढून काखेत धरली होती. प्रत्येक वेळी थोड्याच अक्षता टाकायचा, पुरल्या पाहिजेत म्हणून. त्या आतपर्यंत पोचत नव्हत्या, लोकांच्या चपलांवर पडत होत्या. शेवटच्या अक्षता टाकल्यावर त्याने हात जोडले आणि तो गेला. जेवला नाही.

मी चित्रण पुन्हा दाखवण्याची विनंती केली. पुन्हा दाखवले. आणखी एकदा विनंती केली. मॅडमनी तिसऱ्यांदा दाखवले आणि स्वतः उठून पाणी आणायला गेल्या.

मला आता समजले आहे की सारिकाचा मामा तिच्या लग्नाला होता. मी आजच हे तिला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "आई, मला त्याचा हात धरायचा होता गं." त्यानंतर फोन दोघींनीही बराच वेळ ठेवला नाही.

फौजदार साहेबांनी सांगितले की ओळख पटलेली आहे, गुन्हा काही नाही, सही करा आणि पिशवी घेऊन जा. साहेबांचे उपकार आहेत. पण मी पिशवी घेणार नाही. मी ती खुर्चीवरून उचलली किंवा पोलिसांच्या कपाटातून उचलली, तरी तो भावाचा आहेर होत नाही, सापडलेले सामान होते. भावाने द्यावे तेव्हा ते लुगडं माझे. एवढी वर्षे थांबले आहे, आणखी थोडी थांबेन. तरी तोवर पिशवी कपाटात सुरक्षित ठेवावी. मध मुंग्यांपासून जपावा, बाटली पाण्याच्या ताटलीत ठेवली तर बरे.

मालक म्हणून भावाला ठाण्यात येऊन सही करावी लागेल, त्यासाठी वाडीवर शिपाई पाठवतो, असे साहेब म्हणाले. माझी विनंती आहे की तसे करू नये. खाकी कपडा वर चढताना दिसला की दादा कड्याच्या अंगाला निघून जाईल आणि चार दिवस उतरणार नाही. त्याला वाटेल लग्नात आपल्या हातून काही गुन्हा घडला. मी स्वतः उद्या वर जाते. यजमानांनी बाकावरून उठून आत येऊन सांगितले की तेही येणार आहेत. एवढ्या वर्षांत ते वाडीवर गेलेले नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात आणि वाट चढाची आहे, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "दुखूं दे."

भाऊ येईल की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. 'यीन की' म्हणाला तर मी वाडीतून उतरणार नाही, असे ठरवले आहे. आला तर त्याने आधी इथे सही करावी, मग पिशवी घेऊन माझ्या घरी यावे, अशी माझी इच्छा आहे. घरापर्यंत यायला त्याचा पाय अडला, तर साहेबांनी परवानगी द्यावी, ठाण्याच्या आवारात चिंचेखाली जागा आहे, तिथे चालेल. दोन मिनिटांचे काम आहे. पाट मी घरून घेऊन येईन.

मला लिहिता-वाचता येते, तरी वरचा मजकूर मॅडमनी मोठ्याने वाचला आणि मी ऐकला. सांगितले तसेच उतरले आहे. फक्त सुरुवातीला 'बेवारस पिशवी' असे शब्द आले आहेत, ते माझ्या तोंडचे असले तरी चुकीचे आहेत. ते खोडून तिथे 'सावळा गोमा उघडे यांची पिशवी' असे लिहावे, असे मी सांगितले. मॅडमनी माझ्यासमोर खोडून तसे लिहिले व बाजूला माझी सही घेतली. आता जबाब बरोबर आहे.

जबाब देणार
(सही) नंदाबाई हनुमंत आगिवले